पॅलेटचे वजन आधी की माप आधी?

तुम्ही शहाद्याहून जे विचारले आहे त्याचा सारांश असा. दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात दोन वर्षे सराव झाल्यावर तुमचा साठ शॉट्सचा स्कोअर ५४० ते ५४५ च्या दरम्यान अडकला आहे, दर सीरिजमध्ये, म्हणजे दहा शॉटमध्ये, दोन-तीन आठ आणि अधूनमधून एखादा सात पडतो. सध्या तुम्ही ०.४५ ग्रॅमच्या पॅलेट्स (एअर पिस्तुलाच्या शिशाच्या लहान गोळ्या) वापरता आणि रेंजवरच्या एका ज्येष्ठांनी ०.५३ ग्रॅमच्या जड पॅलेट्स घ्या, ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या शॉट्सचा झुपका) आपोआप आवळेल, असे सांगितले आहे. सोबत दुसरा प्रश्न जोडला आहे: परदेशातले रिव्हॉल्व्हर-नेमबाज शिसे वितळवून स्वतः जड गोळ्या ओततात आणि काडतुसे घरी भरतात, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले, आपल्याकडेही तसे काही करता येईल का?

दुसरा प्रश्न आधी संपवतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. दारूगोळ्याची निर्मिती ही शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याची बाब आहे आणि परवान्याशिवाय ती करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परदेशातल्या हौशी नेमबाजाला जे त्याच्या गॅरेजमध्ये करता येते ते धुळे-नंदुरबारच्या घरात करता येत नाही, आणि तसा विचार मनातून काढून टाकलेला बरा. तुमच्या एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल जेमतेम पाच-सहा ज्यूल ऊर्जा देते. मात्र पॅलेट्सही घरी ओतण्याची वस्तू नव्हे. स्पर्धेची पॅलेट साच्यात ओतलेली नसते, ती शिशाच्या तारेचे तुकडे डायमध्ये दाबून बनवतात, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी अचूकता त्या दाबण्यातून येते. ट्रॅपमध्ये, म्हणजे लक्ष्यामागे पॅलेट अडवणाऱ्या पेटीत, साठलेले चपटे शिसे घरी चुलीवर वितळवण्यातून पॅलेट तर मिळणार नाहीच, विषारी धूर मात्र घरभर होईल.

आता ‘जड’ या कल्पनेविषयी. ती कुठून आली हे कळले की तुमचा निम्मा गोंधळ कमी होईल. परदेशात मेटॅलिक सिलुएट नावाचा एक खेळ आहे. त्याच्या हँडगन प्रकारात पोलादी पत्र्याची कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० मीटरवर, टर्की १५० मीटरवर आणि मेंढा २०० मीटरवर उभा असतो आणि गुण मिळतो तो आकृती आडवी झाली तर. तिथे गोळी नुसती लागून भागत नाही, तिने ढकललेही पाहिजे, शिवाय वाऱ्यात तिने कमी भरकटले पाहिजे. म्हणून तिथले लोक जड शिशाच्या गोळ्यांचे कौतुक करतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहे. आपले लक्ष्य कागदाचे किंवा इलेक्ट्रॉनिक आहे, बंद हॉलमध्ये दहा मीटरवर आहे आणि पॅलेटने तिथे काही पाडायचे नाही. कागदावर गुण देणाऱ्या प्रकारांत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूलवालेसुद्धा जड गोळीच्या मागे लागत नाहीत. पंचवीस मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची मुभा असताना बहुतेक जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची सुमारे ६.४ ग्रॅमची सपाट डोक्याची वॅडकटर गोळी पसंत करतात, .३८ ची सुमारे ९.६ ग्रॅमची नव्हे, कारण धक्का कमी बसतो आणि पुढचा शॉट लवकर जुळतो.

आणि जे लोक खरोखर गोळ्या ओततात त्यांचे बोलणे नीट ऐकले तर लक्षात येते की वजनाची चर्चा ते नंतर करतात. आधी ते रिव्हॉल्व्हरच्या चेंबरचे तोंड आणि नळीच्या खोबणीचा व्यास मोजतात आणि गोळी त्या मापाची करून घेतात. गोळी मापाला कमी पडली तर मागचा गरम वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे नळीला चिकटते आणि अचूकता जाते, मग ती गोळी कितीही जड असो. गाडीच्या चाकाला धाव बसते ती मापाने, लोखंड किती वजनदार आहे यावर नव्हे. पॅलेट आणि नळीचेही तसेच आहे. त्या व्हिडिओंतून घ्यायचाच असेल तर हा मापाचा धडा घ्यावा.

तुमचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे की कागदावर दिसणारा पसारा कुणाचा आहे: पॅलेट-पिस्तुलाचा की हाताचा? हे दोन पसारे एकात एक मिसळून दिसतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय पॅलेट बदलणे म्हणजे अंधारात पैसे टाकणे आहे. वेगळे करण्यासाठी आधी लक्ष्याची मापे पाहू. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ व्यासात १६ मिलिमीटरने वाढते. पॅलेटची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून पॅलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत असला तर दहा, १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, असा हिशेब होतो. तुमची सरासरी नऊच्या आसपास आहे, म्हणजे ढोबळमानाने तुमचे शॉट केंद्रापासून सरासरी १२ मिलिमीटरवर पडतात. हा १२ चा आकडा ध्यानात ठेवा.

दोन स्वतंत्र कारणांमुळे होणारा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही, वर्गांच्या बेरजेने वाढतो. समजा तुमच्या पिस्तुलाचा त्या पॅलेटसह स्वतःचा सरासरी पसारा २ मिलिमीटर आहे. एकूण १२ मधून तो पूर्णपणे नाहीसा केला, जे प्रत्यक्षात शक्यच नाही, तरी १४४ मधून ४ वजा होऊन वर्गमूळ येते ११.८. म्हणजे प्रत्येक शॉट सरासरीने ०.२ मिलिमीटरपेक्षाही कमी आत सरकला. साठ शॉट्समध्ये त्याची किंमत एक-सव्वा गुण. पण हाच पसारा ५ मिलिमीटर असेल तर चित्र पालटते. १४४ मधून २५ गेले की १०.९ उरतात आणि साठ शॉट्समध्ये सात-आठ गुणांचा फरक पडतो. तेव्हा पॅलेट बदलून फायदा होईल का, याचे उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही आहे. सध्याची डबी तुमच्या नळीतून किती पसरते यावर ते अवलंबून आहे, आणि ते मोजता येते.

इथेच तुमच्या ज्येष्ठांच्या सल्ल्याचा उगम मला दिसतो. ०.५३ ग्रॅम हे प्रामुख्याने रायफलच्या पॅलेटचे वजन आहे, आणि ते गृहस्थ बहुधा रायफल खेळलेले असावेत. एअर रायफलच्या लक्ष्यात दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आणि प्रत्येक गुणाची पायरी अडीच मिलिमीटरची. तिथे २ मिलिमीटरचा पसारा म्हणजे जवळजवळ अख्खा गुण गेला, शिवाय गुण दशांशात मोजतात. त्यामुळे रायफलवाले पॅलेटच्या लॉटमागे, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालामागे, वेड्यासारखे लागतात आणि त्यांनी लागलेच पाहिजे. पिस्तुलाची पायरी ८ मिलिमीटरची आहे. रायफलवाल्याचा काटेकोरपणा जरूर घ्या, त्याची डबी घेण्याची घाई नको. पिस्तुलातही वरच्या पातळीवर हा हिशेब बदलतो. मनू भाकरने पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकापूर्वी पात्रता फेरीत ५८० गुण केले होते, आणि सौरभ चौधरीने टोकियोच्या पात्रता फेरीत ५८६. त्या पातळीवर शॉट केंद्रापासून सरासरी सहा-सात मिलिमीटरवर पडतात, हाताचा पसारा लहान झाल्याने पॅलेटचा वाटा मोठा दिसू लागतो, आणि तिथे दोन गुणांवर फायनल येते किंवा जाते. तुम्ही आज तिथे नाही, पण जायचे असेल तर चाचणीची सवय आतापासून असलेली चांगली.

आता निव्वळ वजनाने काय होते ते पाहू. पिस्तूल दर शॉटला साधारण तेवढीच ऊर्जा देते. पॅलेट जड झाली की तिचा वेग कमी होतो. सुमारे १५० मीटर प्रति सेकंद वेगाने दहा मीटर जायला पॅलेटला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात ती साधारण २२ मिलिमीटर खाली येते. वजन ०.४५ वरून ०.५३ केले, म्हणजे जवळपास अठरा टक्क्यांनी वाढवले, तर ही घट आणखी चार मिलिमीटरने वाढते. बस्स. मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) काही क्लिक फिरवले की हा फरक संपला, कारण तो प्रत्येक शॉटला सारखाच आहे. ग्रुप त्यामुळे लहानही होत नाही आणि मोठाही होत नाही. जड पॅलेट नळीत किंचित जास्त वेळ राहते, आणि तेवढ्या वेळात हात हललेला चालत नाही, म्हणून पिस्तुलासाठी हलकी पॅलेट बरी असे मानण्याची पद्धत आहे; पण नळीतला वेळच मुळात दोन-तीन हजारांश सेकंदांचा असतो, त्यामुळे हाही मुद्दा मी फार ताणणार नाही. काही पिस्तुलांतून ०.४९ ची पॅलेट ०.४५ पेक्षा सरस जाते, काहींतून उलट. त्यामागे वजन क्वचितच असते. डोक्याचे माप, शिशाचा मऊपणा आणि मागचा स्कर्ट, म्हणजे पॅलेटचा पोकळ घेर, नळीत कसा बसतो हे असते.

डोक्याचे माप डबीवर छापलेले असते: ४.४९, ४.५०, क्वचित ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण नळीतल्या खोबणीला पॅलेटचे डोके किती घट्ट धरते हे त्यावर ठरते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन पिस्तुलांना वेगळे माप मानवते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की ‘अमुक पिस्तुलाला अमुक डबी’ असा सल्ला मी कुणालाच देत नाही. तुमच्या मित्राला जी डबी लाभली ती तुम्हाला लाभेलच असे नाही. म्हणून डबी मागवण्याआधी नळीला विचारावे लागते, आणि त्याची रीत पुढे देतो.

चाचणीसाठी मोठ्या अकादमीतला क्लॅम्प लागतोच असे नाही. पिस्तूल लोहाराच्या पकडीत आवळायचा मोह मात्र टाळा. नळी किंवा सिलिंडरवर दाब आला की निकाल खोटा येतोच, पिस्तूलही बिघडते. टेबलावर वाळूने भरलेल्या दोन कापडी पिशव्या ठेवा, खुर्चीवर बसा, दोन्ही मनगटे पिशवीवर टेकवा आणि दोन्ही हातांनी पिस्तूल धरा. नळी कशालाही टेकता कामा नये. आदल्या दिवशी फेल्टच्या गुट्ट्यांनी नळी साफ केली असेल तर सुरुवातीचे दहा-पंधरा शॉट सोडून द्या, कारण साफ नळीतले पहिले शॉट हमखास भरकटतात. डबी बदलल्यावरही पाचेक शॉट नवीन शिशाला द्या. मग प्रत्येक डबीचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, प्रत्येक ग्रुप नव्या कागदावर. पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय करू नका. पाच शॉट नशिबाने जवळ पडतात, दहा सहसा पडत नाहीत. कागदावर डबीचे नाव आधी लिहू नका, मागच्या बाजूला खूण करा आणि मोजमाप दुसऱ्याकडून करून घ्या. महागड्या डबीचा ग्रुप आपल्या डोळ्याला नेहमीच लहान दिसतो.

मोजताना व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्या. दहा शॉटचा ग्रुप बाहेरून बाहेर ७-८ मिलिमीटर आला तर ती पॅलेट तुमच्या नळीला उत्तम बसली. १० ते ११ आला तरी तुमच्या सध्याच्या स्कोअरला ती पुरेशी आहे. पिशवीवरून मारताना त्यात तुमच्या हाताचाही थोडा वाटा असतोच. १५ च्या पुढे गेला तर ती डबी नवशिक्यांच्या सरावाला द्यावी. आणि सगळ्याच डब्या १५ च्या पुढे गेल्या तर दोष पॅलेटचा नसून पिस्तुलाचा आहे, त्याकडे मी पुढे येतो.

चाचणीआधी पॅलेट्स डोळ्यांखालून घालणे मला वजन करण्यापेक्षा जास्त उपयोगाचे वाटते. आपल्याकडे डबी बहुतेक कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने येते, आणि वाटेत ती किती वेळा आपटली हे कुणी सांगत नाही. शिसे मऊ, स्कर्टची कड कागदासारखी पातळ. दोन पॅलेट्स एकमेकींवर आदळल्या की एकीच्या कडेला चिमटा बसतो. खिडकीच्या काचेचा एक तुकडा किंचित तिरपा ठेवा आणि त्यावरून पॅलेट घरंगळू द्या. स्कर्ट डोक्यापेक्षा जरासा रुंद असल्यामुळे चांगली पॅलेट सरळ जात नाही, एका बाजूला झुकत गुळगुळीत कमान काढते आणि सगळ्या चांगल्या पॅलेट्सची कमान जवळपास सारखी येते. कड दबलेली पॅलेट मध्येच टुणकन उडते, थबकते किंवा कमान मोडते. त्या वेगळ्या काढा. ट्रेमध्ये एकेक बसवलेल्या पॅलेट्समध्ये असा माल फार कमी निघतो, आणि ट्रेचे जास्तीचे पैसे मुख्यतः याचेच असतात.

वजनाबद्दल अनेक पालक विचारतात, विशेषतः जळगावचे, कारण तिथे सराफाचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा घरात नाहीतर नात्यात सापडतो. हौस असेल तर जरूर करा. पण वर दिलेल्या हिशेबाने एक टक्का वजन बदलले तर दहा मीटरवर पॅलेट खाली-वर होते ती ०.२ मिलिमीटरने. चांगल्या डबीतल्या पॅलेट्समध्ये एक-दोन टक्क्यांहून जास्त फरक सहसा नसतो, म्हणजे पिस्तुलवाल्याने संध्याकाळभर काट्यावर बसून मिळवायचे ते अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले. तेवढ्या वेळात ड्राय फायर, म्हणजे पॅलेट न घालता ट्रिगरचा सराव, केला तर जास्त पदरात पडेल. साध्या सरावाच्या पॅलेट्सची गोष्ट निराळी. त्यांच्यात वजनाचा आणि मापाचा फरक एवढा असतो की काटा न लावताही तो कागदावर दिसतो.

आता ज्या गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि ज्यांवर माझे उत्तर अवलंबून आहे त्यांविषयी. पिस्तूल स्प्रिंगचे आहे की दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचे? स्प्रिंगच्या पिस्तुलात पॅलेट बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धक्का देतो, त्यामुळे पकड थोडी बदलली तरी शॉट सरकतो. तिथे वाळूच्या पिशवीवरची चाचणीही फसवी ठरते आणि पॅलेटच्या वजनाने धक्क्याची लय बदलते. तुमच्या स्कोअरवरून मी सिलिंडरचे पिस्तूल धरून चाललो आहे. तसे असेल तर सिलिंडरमधला दाब शॉट सुरू करताना आणि साठ झाल्यावर दोन्ही वेळा लिहून ठेवा. रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, नीट चालत असेल तर भरलेल्या २०० बारपासून खाली बरेच उतरेपर्यंत वेग सारखा राहतो. तो ढिला झाला किंवा दाब फार उतरला तर वेग कमीजास्त होतो आणि ग्रुप उभा लांबतो. वेगात तीन टक्क्यांचा चढउतार म्हणजे कागदावर सुमारे दीड मिलिमीटर वर-खाली. क्रोनोग्राफ, म्हणजे पॅलेटचा वेग मोजणारे यंत्र, कुणाकडे मिळाला तर दहा शॉटचे वेग घ्या. न मिळाला तर भरलेल्या सिलिंडरवरचा ग्रुप आणि उतरलेल्या सिलिंडरवरचा ग्रुप एकाच कागदावर घ्या. दुसरा खाली सरकला की कारण समजले.

खान्देशात उन्हाळ्याचा मुद्दा वगळून चालत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि आपल्या बहुतेक रेंज पत्र्याच्या शेडखाली किंवा शाळेच्या बंद हॉलमध्ये आहेत. पॅलेटला त्या उष्णतेचे काही वाटत नाही, शिसे ३२७ अंशांना वितळते. हाताला वाटते. घामाने ग्रिपमध्ये तळवा सरकतो, आणि दुपारी घेतलेली चाचणी पॅलेटची न राहता घामाची होते. चाचणी सकाळी सात-आठलाच उरकावी. सिलिंडर उभ्या गाडीत कधीही ठेवू नका; उन्हातल्या बंद गाडीत तापमान सहज ५० च्या वर जाते आणि भरलेल्या सिलिंडरला ते धोक्याचे आहे. सिलिंडरवरची मुदतही एकदा वाचा, बहुतेक उत्पादक ती दहा वर्षांची देतात. हातपंपाने हवा भरत असाल तर पावसाळ्यात पंपाचा ओलावा टिपणारा फिल्टर वेळेवर बदला, नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी साचून आतून गंज धरतो. पॅलेटची डबीही पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा. शिशावर पांढरी भुकटी दिसू लागली तर त्या पॅलेट्स वापरू नका, नळी घाण होते.

समजा चाचणी झाली आणि तुमची सध्याची ०.४५ ची डबी १० मिलिमीटरच्या आसपास ग्रुप देते असे निघाले. मला तसेच निघेल असे वाटते. मग आठ आणि सात कुठून येतात? इथे एक आकडा सांगतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर सुमारे ३३० मिलिमीटर असते. पुढची साइट मागच्या खाचेत नुसती ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, तरी दहा मीटरवर शॉट ३ मिलिमीटर सरकतो. अर्धा मिलिमीटर चुकली तर १५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुण. पॅलेटच्या वजनावर आपण जी चर्चा करत आहोत तिच्यापुढे हा आकडा ठेवून पाहा. शॉट सुटताना नजर काळ्या वर्तुळावर गेली की साइट अस्पष्ट होते आणि एवढी चूक डोळ्याला कळतही नाही.

त्यासाठी तुमच्या मागच्या चार-पाच सामन्यांच्या कागदांवर किंवा स्क्रीनच्या फोटोंवर फक्त आठ आणि सात कुठे पडले ते एका कागदावर उतरवा. उजव्या हाताच्या नेमबाजाचे ते डावीकडे खाली साठले असतील तर बोट ट्रिगर ओढत नसून झटका देत आहे. वर-खाली उभी रांग असेल तर मनगटाचा ताण किंवा पकडीचा जोर शॉटागणिक बदलतो आहे, अर्थात वर सांगितलेली दाबाची तपासणी आधी करून. सगळीकडे विखुरले असतील तर बहुधा शॉट उशिरा सुटतो आहे. आठ-नऊ सेकंदांच्या पुढे होल्ड, म्हणजे नेम धरून थांबणे, गेला की पिस्तूल खाली घेण्याची हिंमत लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते. पॅलेटच्या दोषाचा असा कल सहसा दिसत नाही. तो गोल असतो, आणि मुख्य म्हणजे उत्तम सुटला असे तुम्हाला वाटलेल्या शॉटमध्येही दिसतो. सरावात शॉट सुटल्याबरोबर, स्क्रीन पाहण्याआधी, तो कुठे गेला असेल हे मोठ्याने सांगायची सवय लावा. सांगितलेले आणि पडलेले जुळत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. ‘मधला दहा’ म्हटलेले शॉट वारंवार आठात निघत असतील तरच पॅलेटवर संशय घ्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सध्याच्या डबीची वाळूच्या पिशवीवरून चाचणी आणि सिलिंडरच्या दाबाची तपासणी. ग्रुप १५ च्या पुढे असेल तर ०.४५ आणि ०.४९ या दोन वजनांत ४.४९ आणि ४.५० ही मापे मागवून तुलना. पूर्ण डबी नको, दोघा-तिघांनी मिळून मागवून शंभर-शंभर वाटून घ्या. ०.५३ ची डबी ज्येष्ठांकडे आहेच तर तीही चाचणीला लावा, त्यांचा मान राहील आणि नळी काय म्हणते तेही कळेल. ग्रुप ११ पर्यंत असेल तर पॅलेट हा विषय सहा महिने बंद करून ट्रिगर आणि साइटवर काम.

चांगली डबी सापडली की तिच्या तळावरच्या किंवा बाजूच्या लेबलवरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटच्या जमेल तेवढ्या डब्या एकदम घ्या. एका डबीत ५०० पॅलेट्स असतात. साठ शॉट आणि त्याआधीचे साइटर्स (नेम जुळवायचे, गुण न धरले जाणारे शॉट) धरून एक सामना ऐंशी-नव्वद पॅलेट्स खातो, म्हणजे डबी पाच-सहा सामन्यांची. बालेवाडीला किंवा वरळीला राज्य स्पर्धेसाठी जाताना नवा लॉट सोबत घेऊन तिथेच पहिल्यांदा फोडणे टाळावे. रोजच्या सरावाला त्याच वजनाची आणि त्याच मापाची स्वस्त श्रेणीतली पॅलेट चालते, साइट फार हलवावी लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण शिशाचा विषय निघालाच आहे. पॅलेट ओठांत धरून लोड करणारी मुले मी आजही पाहतो. ते ताबडतोब थांबले पाहिजे. रेंजवरून उठल्यावर चहा किंवा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा. ट्रॅपच्या आसपासची धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. साठलेले शिसे बंद डब्यात ठेवून भंगारवाल्याला द्यावे. घरात लहान भावंडे असतील तर चाचणीच्या काचेवरून घरंगळून कोपऱ्यात गेलेली प्रत्येक पॅलेट उचलली गेली आहे ना, हे मोजून पाहा.